तुळशीपुरता पाऊस

आपल्याच परसात दोन दिवस तहानलेलं राहून बघायचं, ही कल्पना माझी. (आमच्या घरात शहाण्यासारख्या कल्पना कल्याणीला सुचतात. मला ज्या सुचतात त्यांना आमची मुलगी सानिका 'बाबाज प्रोजेक्ट्स' म्हणते आणि फोन घेऊन दुसऱ्या खोलीत जाते.)

त्याचं असं झालं. कल्याणी, म्हणजे माझी बायको, इथे ऑकलंडमध्ये हॉस्पिटलात फार्मसिस्ट आहे. तिच्या वडिलांचं साताऱ्याला औषधांचं दुकान होतं. त्या दुकानात एक जुनं कॅलेंडर होतं. वर्ष कधीच उलटून गेलं होतं, पण चित्र छान म्हणून कुणी उतरवलं नाही. लाल दगडांची खोल घळ, तळाशी वाळू, वर निळ्या आकाशाची चिंधी. शाळेतून आल्यावर ही त्या घळीकडे बघत गोळ्यांच्या पुड्या बांधायची. ती घळ अमेरिकेत, युटाहच्या वाळवंटात आहे हे तिला पुढे फार वर्षांनी कळलं. तिथे पाठीवर बिऱ्हाड घेऊन चार-पाच दिवस चालत जाता येतं, हेही कळलं. तेव्हापासून तिचं ठरलेलं, जायचं. पण कधी सानिकाची परीक्षा, कधी हॉस्पिटलात माणसं कमी. यंदा पुढच्या मे महिन्यातली दोन आठवड्यांची रजा एकदाची मंजूर झाली आणि ती सबंध दिवसभर घरात गुणगुणत होती. लग्नातसुद्धा एवढी खूश नव्हती. (फोटो आहेत.)

प्लॅनिंग मी मागून घेतलं. मी पडलो आयटीवाला. कुठल्याही गोष्टीच्या मुळाशी गेल्याशिवाय मला झोप येत नाही. वाळवंटातली माणसं पाणी कुठे शोधतात? विंचू रात्री बुटात का शिरतो? सकाळचे विधी एका खास पिशवीत करून ती पिशवी पाठीवर घालून परत आणावी लागते, हे खरं का? (खरं आहे. दोन पदरी पिशवी असते. मी नमुना मागवला आणि जेवणाच्या टेबलावर उघडून दाखवला. त्यानंतर दोन दिवस माझ्याशी कुणी बोललं नाही.) महिनाभरात मी असा तयार झालो की ऑफिसात कुणी पाण्याचा ग्लास भरला, तरी मी त्याला माणशी रोज चार लिटरचा हिशेब सांगायचो.

एका संध्याकाळी कल्याणी म्हणाली, "चंद्रहास, वाचलंस ते पुरे. त्या घळीत उतरायला परमिट लागतं, त्याच्या सोडतीत नाव घालायची मुदत पुढच्या रविवारी रात्री संपतेय. त्याआधी एक ट्रायल करायची. पाण्याचं खातं तुझं. ट्रायल नीट झाली तर दोघांचं नाव घालू."

"आणि नाही झाली तर?"

"तर बघू," ती म्हणाली. हॉस्पिटलातले लोक 'तर बघू' म्हणाले की मला धडकी भरते.

आता अडचण अशी की न्यूझीलंडमध्ये तहान लागायची सोयच नाही. कुठेही ट्रेकला जा, दर वळणावर ओढा, मुक्कामाच्या प्रत्येक हटला पाण्याची टाकी, आणि हे सगळं कमी पडलं तर पाऊस. म्हणून मी म्हटलं, ट्रायल आपल्या टाकानिनीच्या घरामागेच करू. परसात तंबू ठोकायचा. शनिवारी सकाळी लागेल तेवढं पाणी भरून घ्यायचं आणि रविवार संध्याकाळपर्यंत घरात पाऊल नाही, नळाला हात नाही. दिवसभर पाठीवर बोजा घेऊन शेजारच्या रिझर्व्हच्या रानात फेऱ्या मारायच्या. सानिकाला रेंजर नेमलं. ती स्वयंपाकघराच्या खिडकीतून लक्ष ठेवणार होती.

"सो आय जस्ट वॉच यू गाइज सफर?" तिने विचारलं.

"हो."

"स्वीट ॲज," ती म्हणाली. इतक्या आनंदाने तिने आजवर माझं एकही काम केलेलं नाही.

शनिवार झकास गेला. ऑक्टोबरचं ऊन, आभाळात ढग औषधाला नाही. माझं पाण्याचं खातं इतकं चोख की कल्याणीने आपणहून मला शाबासकी दिली. शेजारचा ट्रेवर कुंपणावरून डोकावला. तंबू, मी, माझ्या डोक्याला गुंडाळलेला पंचा, असं सगळं पाहून हळू आवाजात म्हणाला, "किया ओरा, मेट. बायकोने बाहेर काढलं का?" मी म्हटलं, ती पण तंबूतच आहे. तो आणखी गोंधळला आणि म्हणाला, "मग घरात कोण आहे?" मी म्हटलं, रेंजर. तो आत निघून गेला.

संध्याकाळी कल्याणी तंबूच्या दारात बसून आभाळ बघत म्हणाली, "जमेल रे आपल्याला." आणि तिने माझ्या खांद्यावर डोकं टेकवलं. मला इतकं बरं वाटलं की मी वाळवंट, विंचू, पिशवी, सगळं विसरलो.

आणि मग रविवारची सकाळ उजाडली.

मी लवकर उठलो. कल्याणी गाढ झोपलेली. मनात आलं, बिचारी दमलीय, उठायच्या आत आपण सगळी कामं उरकून ठेवू. आता, मी पुण्याचा. माझ्या आईने मला चालायला शिकवलं त्याच सुमाराला हेही शिकवलं, की सकाळी उठल्यावर पहिलं काम म्हणजे कालचं शिळं पाणी ओतून टाकायचं आणि ताजं भरायचं. हंडा, कळशी, फिल्टर, बाटली, काही असो. पाणी रात्र ओलांडून आलं म्हणजे शिळं. इथे इतकी वर्षं झाली तरी माझा हात रोज सकाळी ते काम मला न विचारता करतो. पाणी वाया घालवायचं नाही हेही आईनेच शिकवलेलं, म्हणून ते मोरीत न ओतता झाडाला घालायचं.

तर मी शीळ घालत एकेक बाटली उघडली आणि कल्याणीच्या तुळशीत ओतली. मोठी पाण्याची पिशवीसुद्धा शेवटच्या थेंबापर्यंत पिळली. ही तुळस सँडरिंगहॅमच्या देशी दुकानातून आणलेली. ऑकलंडच्या थंडीत कल्याणीने तिला हीटरशेजारी बसवून जगवली होती. मला वाटलं, खूश होईल. मग रिकाम्या बाटल्या काखोटीला मारून मी भरायला निघालो, आणि नळापाशी पोचल्यावर मला आठवलं की मी वाळवंटात आहे.

अंगाला दरदरून घाम फुटला. (तोही वाया.) वर पाहिलं, तर खिडकीत रेंजर सीरियल खात बसलेली. ती नुसती मान हलवून नाही म्हणाली.

आभाळाकडे पाहिलं. ज्या ऑकलंडमध्ये वाळत घातलेले कपडे तीनदा आत आणावे लागतात, तिथे ढगाचा पत्ता नाही. कुंपणापलीकडे ट्रेवर पाइपने लॉनला पाणी घालत होता. ते गवत पिताना बघून माझ्या घशाला कोरड पडली. तेवढ्यात एक व्हिडिओ आठवला: दव! मी डोक्याचा पंचा सोडला, लॉनवर लोळवला आणि पातेल्यात पिळला. पुन्हा लोळवला, पुन्हा पिळला. तंबूसुद्धा पुसून काढला. खोटं कशाला सांगू, मधेच मला त्यात भलतंच कुतूहल वाटायला लागलं. कुंपणाजवळच्या गवतात जास्त दव असतं, का बरं? अशी अर्धा कप कमाई झाली. त्यातून एक गोगलगाय काढली आणि स्टोव्हवर चहा टाकला.

कल्याणी उठली, तिने पहिला घोट घेतला आणि कपात निरखून पाहिलं.

"यात गवत कसलं आहे?"

"गवती चहा घातलाय."

"आपल्याकडे गवती चहा नाहीये."

"जंगली असेल."

 जँडल्स (म्हणजे इथल्या रबरी सपाता) घालायला तिने पाय बाहेर टाकला, तो थेट चिखलात. तुळशीच्या कुंडीतून निघालेला ओहोळ फरशीवरून तिच्या जँडलपर्यंत आला होता.

"रात्री पाऊस पडला?"

"हो, थोडासा."

तिने कोरड्या कुंपणाकडे पाहिलं, बाकीच्या कोरड्या फरशीकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. "फक्त तुळशीवर?"

खिडकी उघडली. "मम, ही पोर्ड इट ऑल आउट! एव्हरी सिंगल बॉटल! ही वॉज व्हिसलिंग!"

मला वाटलं, आता आरडाओरडा होईल. झाला असता तर बरं होतं. कल्याणी कप हातात धरून खाली बसली आणि हळूच म्हणाली, "चंद्रहास, तिथे हे झालं असतं तर? मागे दोन दिवसांची वाट, पुढे दोन दिवसांची. आणि मी झोपलेली असते रे."   मला स्वतःचीच भीती वाटली, हे अगदी खरं.

मग ती उठली, घरात गेली, नळाचं ग्लासभर पाणी एका दमात प्यायली आणि लॅपटॉप उघडून बसली. मी जाळीच्या दाराबाहेर उभा. (माझी ट्रायल संपल्याचं मला कुणी सांगितलं नव्हतं.) आतून ऐकू येत होतं.

"सानू, मेमध्ये तुला सुट्टी आहे?"

"आय कॅन मेक इट वर्क. अँड आय डोन्ट वॉटर प्लांट्स, सो."

फॉर्म गेला. सोडतीत नावही आलं: कल्याणी आणि सानिका. मी विचारलं, "आणि मी?"

"तू घरी थांब आणि माझ्या तुळशीला पाणी घाल," कल्याणी म्हणाली. "तेवढं तुला येतं."

पण झालं काय, त्या रविवारच्या आंघोळीनंतर तुळस जी माना टाकायला लागली, ती आठवड्याभरात गेलीच. कल्याणी दिवसभर हळहळत होती. मी दोन दिवस दुखवटा पाळला आणि मग मुद्दा मांडला, "आता मला घरी थांबायचं कारणच उरलं नाही."

कल्याणी विचारात पडली. माझ्या आशा पालवल्या.

"खरंच की," ती म्हणाली. "मग त्या दोन आठवड्यांत तू आईंकडे पुण्याला जाऊन ये."

त्याच संध्याकाळी आईला व्हिडिओ कॉल लावला. आई हरखून गेली. "ये रे चंदू, अगदी वेळेवर येतोयस. मेमध्ये इथे पाणी एक दिवसाआड असतं. भरून ठेवायला माझ्या हातून होत नाही आताशा."

मी म्हटलं, "येतो, आई. सगळं भरून ठेवीन."

"आणि नवीन आलं की कालचं शिळं ओतून टाकायचं बरं का," आई म्हणाली. मग माझ्या शेजारी बसलेल्या कल्याणीकडे पाहून कौतुकाने पुढे म्हणाली, "त्याला सांगावं लागत नाही म्हणा. या एका कामात तो लहानपणापासून हुशार आहे."