दगडाची लेक

हाँगकाँगात राहायचा हक्क लेकराला मिळायचा तर बाप इथला असावा लागतो, आणि तो बापच आहे हे सिद्ध करावं लागतं. माझ्याइतका सिद्ध बाप अख्ख्या काऊलून भागात नव्हता! बिस्किटांचा पत्र्याचा डबा भरून पुरावे होते माझ्याकडे.

लेक साऊ-हिंग जन्मली, वाढली सीमेपलीकडच्या गावात. तिची आई गेली, तेव्हा म्हटलं, पोरीनं आता माझ्यापाशी यावं. दिवसभर खारवलेले मासे विकून घरी गेल्यावर म्हाताऱ्यानं भिंतीशी किती बोलावं?

सरकारी कचेरीच्या खिडकीतल्या बाईंनी डबा उघडला. लेकीची पंचेचाळीस पत्रं. प्रत्येकाची सुरुवात 'प्रिय काका'!

"आजोबा, ही तर तुमची पुतणी!"

"लेकच आहे हो! आधीची तीन बाळं गेली आमची. ज्योतिषी म्हणाला, हिनं तुला बाप म्हटलं की तू संपलास. म्हणून काका!"

"आणि हा लाल कागद? वडील म्हणून 'गावामागचा मोठा दगड' लिहिलंय!"

"दत्तक दिली ना दगडाला! दगड कधी आजारी पडतो का?"

बाईंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. दगड तसाच होता.

"आणि हा दगड कुठला रहिवासी?"

"बाई, बाप कोण ते तिलाच विचारा की!"

साऊ-हिंग माझ्यामागून पुढे आली.

"हे तुमचे कोण?"

"काका."

"अगं, म्हण की एकदा बाबा!" मी ओरडलो. "त्यावरच सगळं अडलंय!"

तिनं ओठ घट्ट मिटले. मग म्हणाली, "मला हक्क नको. मी परत जाते. तुम्ही जिवंत राहा म्हणजे झालं, काका."

पस्तिशीची लेक माझी, पण त्या क्षणी सहा वर्षांची दिसली. मी डब्याचं झाकण लावू लागलो. ते काही केल्या लागेना.

बाईंनी एक कोरा अर्ज पुढे सरकवला. मग म्हणाल्या, "रक्त तपासू. रक्ताला बोलावं लागत नाही."

दोन महिन्यांनी निकाल आला. बाप मीच! दगड हरला!

कचेरीच्या पायऱ्यांवर मी छाती पुढे काढून म्हणालो, "सरकारी शिक्का बसलाय. आता ज्योतिषाचं काय चालतंय? म्हण!"

तिनं इकडेतिकडे पाहिलं, आणि अगदी हळू म्हणाली, "बाबा."

पंधरा पायऱ्या होत्या. दोन मी उतरलो होतो. उरलेल्या तेरा एकदमच संपल्या.

ज्योतिषी खोटाच ठरला म्हणा, मेलो कुठे? पाय तेवढा मोडला. साऊ-हिंग इथंच असते, रोज पेज करून घालते. प्लास्टरवर तिनंच ठळक अक्षरांत लिहिलंय, 'काका, जपून.'