सोनटक्क्यांची तिसरी ऑर्डर

गिऱ्हाइकानं होकार द्यायच्या आधीच सोनटक्के त्याचं अभिनंदन करायचे. समोरचा अजून किंमत विचारतोय, आणि हे उठून दोन्ही हातांनी त्याचा हात हलवतायत! आमच्या भोसरीच्या कंपनीत ते कॉम्प्रेसर विकायचे, मी हिशेब बघायचो. वयानं आम्ही बरोबरीचे, पन्नाशीतले. माझ्या टेबलाशी येऊन म्हणायचे, "ऑर्डर पक्की समजा, राव!" त्या 'समजा'वर कंपनी त्यांना कमिशनची उचल द्यायची.

एक दिवस त्यांनी चाकणला दुसऱ्या कॉम्प्रेसरवाल्यांकडे उडी मारली. तीन ऑर्डरींची उचल घेतलेली, आणि एकही मशीन गेलेलं नाही! नोकरी सोडली तर न मिळवलेलं कमिशन परत करायचं, अशा कागदावर त्यांची सही होती. वसुलीचा फोन माझ्या गळ्यात पडला. भांडणाच्या तयारीनंच मी बोललो.

"म्हणजे मशीनं गेली की उचल फिटली?" त्यांनी विचारलं.

"हो, पण तुम्ही आता तिकडं..."

"पक्की समजा!"

आणि हा गृहस्थ नव्या कंपनीचा पगार घेऊन सुट्टीच्या दिवशी आमची मशीनं विकू लागला! ऐकून आमचे साहेब खुर्चीतून उठलेच. दोन मशीनचे पैसे खरोखर जमा झाले. तिसऱ्या ऑर्डरीचं विचारलं की मात्र सोनटक्के विषय बदलायचे.

शेवटी मीच हट्टानं त्यांच्या मोटरसायकलवर मागं बसून राजगुरुनगरला गेलो. लहानसं वर्कशॉप, शटर गंजलेलं. म्हातारे मालक म्हणाले, "आमी तवाच न्हाई म्हणलो व्हतो. धंदाच बंद केलाय."

मी सोनटक्क्यांकडे बोट दाखवलं. "मग हे येतात कशाला?"

"जेवायला," आतून मालकीणकाकू म्हणाल्या. "आरं दिगू, हात धू. भाकरी गरम हाय."

दिगू! आमचे सोनटक्के मुकाट्यानं मोरीकडे गेले.

परतीच्या वाटेवर मी भडकलो. "ही ऑर्डर कधी नव्हतीच!"

त्यांनी गाडी कडेला घेतली. "ती उचल परत करतो, राव. वाद नाही. ऑर्डर दाखवली नसती तर साहेबांनी इतक्या लांब येऊ दिलं असतं का?" मग रस्त्याकडे बघत म्हणाले, "आई गेल्यापासून मला 'अरे' म्हणणारं कुणी नव्हतं."

सोमवारी त्यांनी सगळी रक्कम भरली. पावती घेऊन ते निघाले, आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "अरे दिगू, चहा घेऊन जा."

सोनटक्के दारातच थांबले. मग परत आला, आणि खुर्ची ओढून माझ्यासमोर बसला.