अस्वलसाहेबांच्या रोलरबॉलला निब

एका जंगलात, बाळांनो, झाडांपेक्षा अर्ज जास्त होते. सगळ्या अर्जांवर सही करायचे अस्वलसाहेब. नीट ऐका हं, मध्ये प्रश्न नकोत.

तिथल्या एका खारीचं जांभळीचं झाड तोडायचा हुकूम तयार झाला होता. ढोलीत तिची तीन पिल्लं. अजून डोळेसुद्धा उघडले नव्हते. खार आठवडाभर साहेबांच्या दारात रडली, तेव्हा कुठे साहेब विरघळले. "बरं बाई, नाही तोडत," म्हणाले. जुना हुकूम बिनसहीचाच राहिला. स्थगितीचा नवा कागद टेबलावर आला. आता फक्त सही उरली.

दारात झाडं पाडणारा हत्ती उभाच होता. "तोडा म्हणा, नाहीतर राहू द्या म्हणा. मला सहीचा कागद द्या, की मी मोकळा."

साहेबांनी पेन काढलं. सत्कारात मिळालेलं, काळंभोर, सोनेरी टोपणाचं. पण रोलरबॉल! साहेबांचं तोंड वाकडं झालं.

"शेजारच्या जंगलातले साहेब फाउंटन पेनाने सही करतात. आणि आम्ही काय गोळी फिरवत बसायचं? बोलवा साळिंदरनानांना."

साळिंदरनाना पेनं दुरुस्त करायचे. त्यांनी चांगली चालती रिफिल काढून टेबलावर ठेवली. तिच्या जागी निब घातली. बसेना. कानस मारली. बसली, पण हलायला लागली. मग मेण लावलं आणि शाई भरली.

"साहेब, तेवढी सही..." खार म्हणाली.

"थांब गं! आधी पेन चालवून बघू दे. एखादा पाठकोरा कागद आहे का?"

साहेब मोठे काटकसरी हो! कोरा कागद कशाला वाया घालवतील? तोडायचा हुकूम आता रद्दीच होता. तोच त्यांनी पालथा घातला. वर 'श्री' काढला. तळाशी झोकात सही ठोकली. शाई नुसती वाहत होती.

मग ते स्थगितीच्या कागदाकडे वळले. पेन टेकवलं. उमटेना. मेण आत सरकलं असावं.

"साहेब, ती रिफिल चालतेय की! तिनंच करा ना!"

"नुसत्या रिफिलने? आम्ही काय कारकून आहोत?" असं म्हणून साहेबांनी पेन झटकलं. बदकन डाग पडला. नेमका 'तोडू नये' या शब्दांवर.

"अरेरे! डागाळलेल्या कागदावर सही चालत नाही. उद्या नवा आण."

हत्ती कंटाळला होता. त्याने पालथा कागद सोंडेने उचलला आणि सुलटा केला. शाई पार झिरपली होती. हुकमाखाली सही दिसत होती. "झालं की काम," तो म्हणाला.

खार किंचाळली, "अरे दादा, ती उलटी सही आहे! मागून झिरपलीय!"

"ताई, साहेबांची सही सुलटी असताना तरी कुणाला वाचता आली होती?" असं म्हणून हत्ती चालायला लागला.

खार जीव खाऊन पळाली. एकेक पिल्लू तोंडात धरून तिने बाहेर काढलं. तिसरं निघालं आणि झाड कडाडलं. पिल्लांना पोटाशी घेऊन ती उघड्यावर हमसाहमशी रडली. आठवडाभर रडली होती, त्याहून जास्त.

साहेब नानांना घेऊन धावत आले. हत्तीकडून कागद घेऊन त्यांनी उन्हात धरला. त्यांचेही डोळे भरून आले.

"नाना, बघितलंत? सही पलीकडे उमटलीय! रोलरबॉलला जन्मात जमलं नसतं."

तात्पर्य : बाळांनो, कोरे कागद वाया घालवू नका. पाठकोरे वापरा. त्याने झाडं वाचतात.