आ न करता तोंड बरे करण्याची पद्धत

दुखणे ज्याचे त्याचे असते. उपाय मात्र सार्वजनिक मालमत्ता असते. हे तत्त्व मान्य केले, की २०२१ च्या आरंभी आयर्लंडमधल्या कॉर्कमध्ये जे घडले ते अगदी रीतसर घडले असे म्हणावे लागते.

सलील कॉर्कजवळच्या रिंगास्किडी गावातल्या एका औषध कारखान्यात गुणवत्ता विभागात होता. गोळीचा रंग किंचित फिका दिसला तरी हा गृहस्थ अख्खा माल अडवून पुरावा मागे. अशा माणसाच्या जिभेच्या कडेला फोड आला. "तोंड आलंय," एवढेच त्याने मराठी मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकले, आणि चहाचे भांडे विसळेपर्यंत सत्तावीस उपाय येऊन पडले.

उपायांची छाननी गुणवत्तेवरच झाली, म्हणजे उपाय कुणाच्या आत्याचा आहे यावर. दिलीपरावांच्या पुण्याच्या आत्याची तुरटी एकमताने मंजूर झाली. विभावरीताईंची जाईची पाने तत्त्वतः मंजूर, परंतु घरापासून पाच किलोमीटरच्या आत जाई नसल्याने (करोनापायी त्यापलीकडे जायला सरकारची बंदी होती) अंमलबजावणी स्थगित. ज्येष्ठमध, कात, गुलकंद हे प्रेसमध्ये सापडले. (इथे कपाटाला प्रेस म्हणतात. मंडळी इथली भाषा पटकन उचलतात.) डब्लिनजवळच्या ल्यूकनच्या सतीशने मधातून मिरपूड सुचवली. काट्याने काटा काढावा, हे शास्त्र.

"डॉक्टरला दाखवलंस का?" असे कुणीही विचारले नाही. असले विचारणे म्हणजे संबंधच तोडणे! शिवाय डॉक्टर तोंडात डोकावतो. ग्रुपला त्याची गरज पडत नाही, हा घरगुती उपचारांचा सर्वांत मोठा फायदा.

खरे सांगायचे तर सलीललाही तोच फायदा हवा होता. त्याचे काका जिभेच्या कॅन्सरने गेले होते. फोड महिनाभर हटेना, तेव्हा तो घाबरला. फार घाबरला. मग त्याने धोरण आखले, की उपाय संपेपर्यंत कुणाला दाखवायचे नाही. आणि उपाय कसले संपतायत! दुसऱ्याच्या गोळीत खोट काढणारा हा पठ्ठ्या आरशापुढे स्वतःची जीभ काढायला तयार नव्हता.

त्याची बायको गिरिजा रोज म्हणे, "अरे, आ तरी कर. बघू दे मला."

हा उपाय फेटाळला गेला. त्यामागे कुठलीही आत्या नव्हती.

मिरपुडीनंतर सलीलला वरणभातही गिळवेना. तेव्हा गिरिजाने त्याला सरळ गाडीत घातले आणि दातांच्या डॉक्टरीणबाईंपुढे नेऊन बसवले. बाईंनी दिवा धरला. दाढेचा कोपरा तुटला होता आणि तोच जिभेला घासत होता. बाईंनी तो कोपरा घासून गुळगुळीत केला. "यू आर ग्रँड," (म्हणजे इथल्या बोलीत, काळजीचे कारण नाही) त्या म्हणाल्या, "पण इतके दिवस न भरणारी जखम घेऊन घरी बसायचं नसतं." सलील खुर्चीतच लहान मुलासारखा रडला.

जखम आठवड्यात भरली. सलीलने ग्रुपवर "बरं वाटतंय" असे कळवले. दाढेचे बोलला नाही, कारण लोकांची मने दुखावली असती. मग श्रेयनिश्चितीसाठी झूमवर सभा झाली. तुरटीचा गुण उशिरा येतो, पण येतोच, असा ठराव बहुमताने मंजूर झाला. मिरपूड पक्षाने सभात्याग केला. आभारप्रदर्शन सलीलने केले. गिरिजा मागे कणीक मळत होती. तिला कुणी बोलायला सांगितले नाही.

आपण हसलात, आनंद आहे. पण वाचता वाचता आपली जीभ एकेका दाढेवरून फिरून आली, आणि मागे, डाव्या बाजूला, जराशी थांबली. काहीतरी टोचते आहे खरे तिथे. कधीपासून, हेही आपल्याला ठाऊक आहे. दाखवायचेच आहे, हो. पण आधी मिठाच्या पाण्याच्या गुळण्या करून बघू, असेच ठरवलेत ना?