कासीमचाचाचं बिनपंखी विमान

कासीमचाचाच्या गाड्या बघायला तिकीट नव्हतं, धक्का होता. आवारात पाय टाकला की समोर जी गाडी उभी असेल तिला मागून धक्का द्यायचा. ती फुरफुरली की पुढची बघायला मोकळं. एकदा तहसीलदारसाहेब आले, अंगात शेरवानी, डोक्यावर रुमी टोपी. त्यांनी शिपायाला पुढं केलं तर चाचा आडवा आला. "बघणार कोण? साहेब. मग धक्का शिपायाचा काहून?" साहेबांनी मुकाट्यानं धक्का दिला. शेरवानी काखेत टर्रकन उसवली. पण मोटार सुरू झाली तसे साहेब लेकरावानी टाळ्या पिटायला लागले.

मी पुसेगावची. लग्न होऊन जवळा बाजारला आले तवा त्याच्या आणि आमच्या अंगणात कमरेएवढी एक भिंत होती, बस. भिंतीपलीकडून काय आवाज येतील त्याचा नेम नसायचा. पहिल्या दिवशी मी घाबरून सासूबाईंना विचारलं, "कोण भांडून राहिलं?" त्या म्हणाल्या, "कुणी न्हाई गं. फटफटी खोकली."

चाचा धंद्यानं मिस्त्री. बैलबंडीच्या चाकाला लोखंडी धाव चढवावी तर त्यानंच. पण हातात चार पैसे आले की कुणाचं तरी टाकलेलं वाहन घरी घेऊन यायचा. जहागीरदारांनी टाकलेली मोटार होती. बाजूला डोलीसारखी बैठक असलेली फटफटी होती. लढाईच्या काळातली कोळशावर चालणारी लॉरी होती, तिच्या पाठीवर हा मोठा बंब. ती पेटवली की सासूबाई खापरी घेऊन भिंतीशी हजर. "कासीमभाई, दोन इंगळ द्या, चूल पेटवायचीय." तोही चिमट्यानं द्यायचा. वर सांगायचा, "भाभी, इंजनाचा इंगळ हाय. भाकर जोरात पळंल."

रोज सकाळी नमाज झाली की तो एकेका गाडीला हात लावून "तबियत कैसी है?" विचारायचा आणि चालू करून बघायचा. "उभी गाडी, मेली गाडी," हे त्याचं ठरलेलं. पेट्रोल कुपनावर मिळायचं, तेही थेंब थेंब. बॅटऱ्या तर कवाच मेलेल्या, म्हणून धक्क्याची शक्कल.

तर लढाई संपली आणि लष्करानं टाकलेल्या सामानाच्या लिलावातून चाचानं विमान आणलं. खरंखुरं! दोन बंड्या एकीला एक बांधून, वर विमान, पुढं चार बैल. पंख मात्र नव्हते. सगळं गाव वेशीवर. आमचे मामंजी म्हणाले, "कासीम, पंख कुठंत रे?"

"पंख कशाला पायजेत? माझ्या घरात उडायला जागा हाय का?"

"मग विमान काय कामाचं?"

"उडणं न्हाई, चालू राहणं हे त्याचं काम," चाचा म्हणाला, आणि विमान आत घ्यायला स्वयंपाकघराची भिंत पाडली.

इथंच घोळ झाला. त्याची बायको, आमची रहिमाचाची, मोठी सोसणारी बाई. मोटार सोसली, फटफटी सोसली, लॉरीचा धूर सोसला. पण चुलीपाशी विमानाचं शेपूट आलं तशी तिनं भाकरीचं पीठ तसंच ठेवलं, गाठोडं बांधलं आणि वसमतला भावाकडं निघून गेली. जाताना एवढंच बोलली, "इंजनाला रोज तबियत विचारतोस. मला कधी विचारलीस?"

तिसऱ्या दिवशी चाचा भिंतीशी येऊन मला म्हणाला, "सूनबाई, मी तिला मोटारीतून आणीन. राणीवानी. बंडीत घालून आणणार न्हाई, बंडीला इज्जत न्हाई." तवापासून कुपनाचं अर्धं पेट्रोल तो एका डब्यात साठवायला लागला. वसमतला जाऊन यायचं तर डबा काठोकाठ भरायला पायजे होता. गावाला सगळं ठाऊक. बाजारात कुणी भेटलं की "कुठवर आली चाची?" म्हणून विचारायचं आणि चाचा बोटानं दाखवायचा, "हितवर."

अधूनमधून मात्र चमचाभर पाजून तो विमानाच्या नाकावरचा पंखा फिरवायचाच. पहिल्या खेपेला सांगितलं न्हाई, सवरलं न्हाई. विमानाचं शेपूट आमच्या अंगणाकडं, आणि अंगणात सासूबाईंच्या मिरच्या वाळत घातलेल्या! घर्रर्र झालं, आणि मिरच्या गेल्या गल्लीत. अख्खी गल्ली शिंकायला लागली. मशिदीपुढचे शिंकले, मारुतीपुढचे शिंकले, टपालवाला शिंकत शिंकत दुसऱ्याचीच पत्रं देऊन गेला. सासूबाई लाटणं घेऊन भिंतीवर चढल्या. तेवढ्यात मामंजी ओरडले, "अगं थांब! ही जवारी बघ!" कोपऱ्यात न उपणलेल्या जवारीचा ढीग होता. त्यातलं भूस उडून गेलं होतं, खाली दाणे कसे मोत्यावानी!

त्यानंतर चाचाला 'वारेवाला' नाव पडलं. पण त्याच्याकडं वारा मागायला कुणी गेलं न्हाई. मामंजींनी सगळ्यांना बजावलं होतं, "त्याला मागायचं न्हाई. त्या डब्यात त्याची बायको हाय."

त्या साली जवारीची रास खळ्यावर पडली आणि वारा बसला. पंधरा दिवस पान हलंना. बाया तिवईवर उभ्या राहून टोपली कलती करायच्या, तर भूस नि दाणे सोबतच खाली. मग एका दुपारी औंढ्याच्या अंगानं ढग चढायला लागले, काळेभोर. सात घरांच्या राशी उघड्यावर, भिजल्या तर वरीसभराची भाकर गेली. तरी चाचाच्या दारी कुणी गेलं न्हाई. डबा त्याच सकाळी काठाला लागला होता. उद्या मी निघतो म्हणून चाचानं दाढीला मेंदीसुद्धा लावली होती.

मी भिंतीवरून बघत होते. चाचा आभाळाकडं बघायचा, मग डब्याकडं. मोटार पुसायचा, परत आभाळाकडं बघायचा. शेवटी फडकं फेकलं आणि आमच्या दारात येऊन मामंजींवरच भडकला.

"दादा, तुमचे बैल काय झोपलेत? विमान खळ्यावर न्यायचंय!"

"कासीम, डबा—"

"बैल सोडा म्हणलं ना!"

मग जी मजा झाली म्हणता! पुढं बैल, मागं विमान, विमानात मेंदीची लाल दाढी, भोवती सगळं गाव पळतंय. खळ्यावर चाकाखाली दगड लावले, पंखा फिरला, आणि शेपटाच्या मागं असा वारा सुटला की बाया तिवईवर पदर खोचून हसायला लागल्या. टोपल्या वर जात होत्या, भूस पार ओढ्यापलीकडं. कुणाचं मुंडासं उडालं, कुणाचं धोतर सुटायला आलं. पाटलीणबाई तर तिवईवर नुसत्या वारा खायला उभ्या राहिल्या, उतरायचं नाव न्हाई. चाचा वरून ओरडायचा, "चलो चलो, तबियत खूश!" सातवी रास पोत्यात गेली आणि पंखा फट् फट् करून थांबला. पाऊस आला तो पोती घरात पडल्यावरच. चाचानं डबा उपडा करून बघितला आणि काखेत मारून एकटाच घरी गेला.

सकाळी तो भिंतीशी आला. "सूनबाई, दादाला म्हणावं, बंडी पायजे. वसमतला जायचंय."

"सांगते," मी म्हणाले. तो तिथंच घुटमळला.

"बेटी, रुसलेल्या बाईशी पहिला शब्द काय बोलतात गं?"

"काही बोलू नका चाचा. दारात गेलं की तिच्या हातातलं गाठोडं घ्या."

"बस एवढंच?"

"एवढंच."

बंडी मामंजींनीच हाकली. त्यांनी नंतर सांगितलं, वाटेनं चाचा त्यांच्या हातात शिदोरीचं फडकं द्यायचा आणि परत घ्यायचा. एका हातानं घेऊन बघितलं, दोन हातांनी घेऊन बघितलं. "दादा, असं बराबर दिसतंय का?"

दुसऱ्या दिवशी उन्हं उतरताना बंडी दारात लागली. रहिमाचाची खाली उतरली. मागून चाचा, दोन्ही हातांनी गाठोडं छातीशी धरून. आवारात सगळ्या गाड्या गपगार उभ्या होत्या, त्यानं तिकडं मान वळवली न्हाई. चाचीनं माझ्याकडं बघून कपाळाला हात लावला.

"बेटी, तूच सांग याला. वसमतपासून धरून बसलाय. म्हणलं, खाली ठेव, हात दुखतील, तर ऐकत न्हाई."