थीमबरोबर आलेला नवरा

सिग्नेच्या ब्लॉगवर तो फोटो पुन्हा दिसला आणि गुन्व्होरच्या सुईवरचे टाके निसटले. फोटोत पांढरीशुभ्र खिडकी, खिडकीत राखाडी मांजर आणि बायकोसाठी कॉफी ओतणारा, लोकरी टोपीतला पाठमोरा ओड्वार, सिग्नेचा नवरा. खाली नाजूक अक्षरांत लिहिले होते, 'रविवारची सकाळ, तो आणि मी.'

विणकामाचे ब्लॉग दोघींचेही होते. स्वेटर गुन्व्होरचेच सरस, हे फ्योर्डच्या खाडीच्या दोन्ही काठांवर मान्य होते. पण वाचक जायचे सिग्नेकडे. गुन्व्होरने ब्लॉगला निळी थीम, म्हणजे पानाची तयार सजावट, लावून पाहिली, मग फुलाफुलांची, मग काळी. काळ्या थीमवर तर बाळांची टोपडी सुतकी दिसू लागली. खरे सांगायचे तर तिचा जीव थीमवरून जळतच नव्हता. भर समुद्रात तेलाच्या विहिरीवर राबणारा ओड्वार घरी आला की बायकोला कॉफी करून देतो, आणि आपला येर्मुंड रोज संध्याकाळी घरी असून कपसुद्धा विसळत नाही, हे तिला सलत होते.

"येर्मुंड, बघ जरा, ओड्वार कॉफी करतोय."

"मग आपल्यालाही टाक थोडी," येर्मुंड पेपराआडून म्हणाला.

दुसऱ्या दिवशी तो बोटींच्या कारखान्यात गेल्यावर तिने सिग्नेचे पान खालपर्यंत चाळले. अगदी तळाशी, मुंगीएवढ्या अक्षरांत थीमचे नाव होते. तिने गुपचूप तीच थीम विकत घेतली. 'नमुन्याचा मजकूर आणि फोटोही हवेत का?' असे पडद्यावर आले. फुकट मिळतेय ते सोडायचे कशाला, म्हणून तिने 'हो' दाबले.

पान उघडले आणि ती बघतच राहिली. तीच खिडकी, तेच मांजर, तोच टोपीवाला, आणि खाली 'रविवारची सकाळ, तो आणि मी.' सिग्नेचा सगळा संसार थीमबरोबर आला होता!

हसावे की सिग्नेला फोन करून झाडावे, हे ठरायच्या आत ब्लॉग बघून नणंदेचाच फोन आला.

"वहिनी, ओड्वार तुझ्या स्वयंपाकघरात काय करतोय?"

"अगं बोदिल, तो ओड्वार नाहीये!"

"म्हणजे आणखी कुणी आहे?"

फोटो पुसावा तर नेमके ते बटण सापडेना. तोवर बोदिलने भावाला कळवलेही होते. येर्मुंड काम टाकून धापा टाकत घरी आला.

"कोण आहे तो टोपीवाला?"

"तो थीमबरोबर आला."

"आता ही थीम कोण?"

"अरे, थीम म्हणजे... विकत घेतली मी."

"विकत?" येर्मुंडचा आवाज चिरकला. "पैसे मोजून परक्याकडून कॉफी करून घेतेस? मी काय मेलोय?"

तो तरातरा आत गेला. टोचतो म्हणून कधी न घातलेला, तिने विणलेला स्वेटर त्याने अंगात चढवला आणि कॉफी करायला घेतली. निम्मी ओट्यावर सांडली.

"काढ माझा फोटो! आणि त्या माणसाला आधी हाकल!"

तिने फोटो काढला. त्यात खरकटी भांडी होती, अर्धवट कापलेले तपकिरी चीज होते आणि रागाने लालबुंद झालेले येर्मुंडचे कान होते. बटण सापडल्यावर टोपीवाल्याला काढून तिने त्याच जागी नवऱ्याला बसवले.

थोड्या वेळाने सिग्नेचा फोन आला. गुन्व्होर भांडायच्या तयारीतच होती.

"त्या मेल्या थीमचं कुणाला बोलू नकोस गं," सिग्ने हळूच म्हणाली. "ओड्वार येतो नि नुसता घोरतो. मांजराने तर मला शिंका येतात." मग जरा घुटमळून तिने विचारले, "आणि तुझा तो नवा फोटो? तो कुठल्या थीममधला?"

"तो येर्मुंड आहे."

"खराखुरा?"

"खराखुरा."

सिग्नेने सुस्कारा सोडला. "मघापासून त्याच्या कानांकडेच बघतेय मी. कसे लाल झालेत बिचाऱ्याचे. उद्या फेरीबोटीने येते गं तुझ्याकडे. कॉफीला."

"उद्या आम्ही घरी नाही," गुन्व्होर म्हणाली, आणि फोन ठेवून तिने आधी तो फोटो पानावरून काढून टाकला.