ओंजळीच्या टाळ्या

बाळांनो, जरा डोळे मिटा. समजा, तुम्ही नऊ वर्षांचे आहात, लाकडी धक्क्यावर बसून पाय पाण्यात सोडलेत, आणि तुमच्या अंगठ्यापासून हातभर अंतरावर एक करडं, ओलं, हसरं तोंड वर आलं आहे. आता खरं सांगा, दम निघेल का तुम्हाला? वासितीलाही निघत नव्हता.

तिची मावशी एका बेटावरच्या हॉटेलात चादरी धुवायची. हॉटेलानं खाडीचा एक कोपरा जाळीनं अडवून त्यात डॉल्फिन ठेवली होती, आणि सुट्टीवर आलेली माणसं तिच्याबरोबर हौसेनं पोहायची. कामगारांच्या घरच्या मुलांसाठी मात्र वर्षातून एकच दुपार. यंदा चिठ्ठी वासितीच्या नावाची निघाली होती. साडेतीनला गावाकडची शेवटची होडी. तेवढ्यात काय पोहायचं ते.

"उतरू?" वासितीनं विचारलं.

"थांब," आजोबा म्हणाले. अपिसाई आजोबा म्हणजे मानपानाचं चालतंबोलतं पुस्तक. गावच्या सरदाराच्या वतीनं चार माणसांत बोलायचं काम चाळीस वर्षं त्यांच्याकडे होतं. "हिचं नाव काय म्हणालीस?"

"आंदी," डॉल्फिनला शिकवणारी तोकासा म्हणाली.

आंदी हा मान आमच्याकडे सरदारघराण्यातल्या बायकांना देतात. आजोबा ताठ झाले. "मग रिकाम्या हातानं कसं शिरायचं तिच्या घरात? भिंत असो नाहीतर जाळी, घर ते घर." आणि त्यांनी पिशवीतून वर्तमानपत्रात गुंडाळलेली यांगोना नावाच्या झुडपाच्या वाळक्या मुळ्यांची जुडी काढली. कुणाच्याही दारी जाताना देतात ती.

तोकासा खो खो हसली. तिचं गाव आणि आजोबांचं गाव पूर्वजांपासून चेष्टेच्या नात्यातलं. भेटलं की टोचायचं, आणि कुणी रागवायचं नाही. "अरे अपिसाई म्हाताऱ्या, ती मासे खाते, मुळ्या नाही! तुमच्याकडे गळाला मुळ्या लावता वाटतं? म्हणून काही लागत नाही होय!"

"आणि तुमच्याकडे गळच लागत नाही," आजोबा म्हणाले. "तुमची थोबाडं बघून मासे घाबरून आपणहून टोपलीत शिरतात."

मग ते मांडी घालून बसले, जुडी पुढ्यात ठेवली, तळवे ओंजळीसारखे पोकळ केले आणि रीतीप्रमाणे टाळ्या वाजवल्या. घुम्. घुम्. घुम्.

आंदी दिसेनाशी झाली. दुसऱ्या क्षणी ती पाणी फोडून वर आली ती थेट आजोबांच्या डोक्यापेक्षा उंच, हवेत एक गिरकी घेतली आणि धप्पकन खाली. बाकावर बसलेल्या ब्रिस्बेनच्या ग्लेनिसबाई नखशिखांत भिजल्या.

तोकासाचं हसू विरलं. "अगं बाई! ती माझी खूण आहे! पाहुणे टाळ्या पिटतात त्या सपाट. ओंजळीची टाळी इथं कोण वाजवणार, असं म्हणून उडीसाठी मी तीच शिकवली."

तिनं बादलीतले दोन मासे आंदीला दिले. काम चोख झालं की मासा चुकवायचा नाही, हा तिचा नियम. बादली म्हणजे आंदीचं दिवसाचं जेवण. ते संपलं की आंदीला सुट्टी आणि पोहणंही बंद, हाही नियमच. वासितीनं बादलीत डोकावलं. मासे फार नव्हते.

आजोबांना मात्र वेगळंच दिसलं. "पाहिलंस? बाईसाहेबांनी भेट स्वीकारली!" आणि भेट स्वीकारली की आभार मानायचे. घुम्. घुम्. घुम्.

पुन्हा उडी. पुन्हा दोन मासे.

"आजोबा, टाळ्या नकोत!"

"चुकलंच माझं," आजोबा ओशाळून म्हणाले. त्यांनी तोकासापुढं मान खाली घातली आणि रीतसर माफी मागितली. आता आमच्याकडे माफी काय नुसती तोंडानं मागतात? घुम्. घुम्. घुम्.

"माफ केलं, माफ केलं! हात काखेत घाल, म्हाताऱ्या!" तोकासा ओरडली.

माफी मिळाल्याबद्दल आजोबांचे तळवे पुन्हा उठले, तेवढ्यात वासितीनं झडप घालून ते धरले. चला, वाचलो, असं तिला वाटलं. पण ग्लेनिसबाई भिजून खूष झाल्या होत्या. "असं मी जन्मात पाहिलं नव्हतं!" म्हणत त्यांनी बिस्किटांचा पुडाच आजोबांसमोर धरला. तो त्यांना घेता यावा म्हणून वासितीला त्यांचे हात सोडावे लागले. आणि हातात कुणी काही दिलं की...

घुम्. घुम्. घुम्.

तोकासानं बादली तिरकी करून दाखवली. तळाला नुसतं पाणी. "संपलं गं, पोरी. जेवण झालं तिचं. आता मी तिला बोलावणार नाही."

आजोबा स्वतःच्या तळव्यांकडे, ते दुसऱ्याच कुणाचे असल्यासारखे, पाहत राहिले. "चाळीस वर्षं या हातांनी गावाचं नाव राखलं," ते पुटपुटले, "आणि आज नातीची दुपार घालवली."

वासितीनं नाक पुसलं. "तोकासाताई, तिला बोलावू नका. पण मी नुसती उतरू? मी काही मागणार नाही तिच्याकडे."

तोकासानं घड्याळ पाहिलं. "उतर. दहा मिनिटं आहेत."

वासिती उतरली आणि हातपाय सैल सोडून तरंगत राहिली. आंदी लांब, जाळीपाशी होती. पोट भरलेलं, कुणाची खूण नाही, कुणाचा मासा नाही. बराच वेळ काही झालं नाही. मग ती करडी पाठ वळली. एक फेरी मारली, दुसरी मारली, आणि आंदीनं आपली हनुवटी अलगद वासितीच्या खांद्यावर टेकवली. फूऽऽ करून माशांच्या वासाचा ऊन श्वास तिच्या मानेवर सोडला.

"सात वर्षं सांभाळते मी हिला," तोकासा हळूच म्हणाली. "माशाशिवाय माझ्या खांद्यावर नाही कधी आली."

"सरदारीण आहे ती," हात काखेत घट्ट धरून आजोबा कुजबुजले. "उगीच का म्हणतो मी?"

होडीचा भोंगा वाजला. आंदी हलकेच दूर सरकली. आता वासिती नात कुणाची? अशा घरातून आभार न मानता निघणार? तिचे तळवे जवळ येताना दोघांनीही पाहिले.

"नको गं!"

वासिती थांबली. तिनं क्षणभर विचार केला. "पाण्याखाली वाजवते," ती म्हणाली. "म्हणजे कुणाला ऐकू नाही जाणार." आणि मोठा श्वास घेऊन तिनं बुडी मारली.

"शहाणी माझी!" आजोबा म्हणाले.

"कसली शहाणी! पाण्याखाली तर आंदीला खाडीच्या त्या टोकाचंही ऐकू येतं. आणि मासा कुठून आणू मी आता?" असं म्हणत तोकासानं रिकामी बादली डोक्यावर पालथी घातली.

आणि खाली, हिरव्या पाण्यात, वासितीनं दोन्ही तळवे अगदी आजोबांसारखे पोकळ केले आणि सावकाश, एकामागून एक, तीन टाळ्या वाजवल्या.